खिशात मावणारा मोसम

गेल्या नोव्हेंबरात लेकाच्या आइस हॉकीच्या स्पर्धेसाठी आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनला गेलो होतो. सामना सकाळी सव्वासातचा, म्हणजे पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिलहून, आमच्या घरून, पहाटे पाचला निघायचं. लहान मुलांना बर्फ मिळतो तो अशाच आडवेळेला. वॉर मेमोरियल या तिथल्या स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं की आधी वास येतो, ओल्या रबराचा, गार लोखंडाचा, आदल्या रात्रीच्या पॉपकॉर्नचा आणि मुलांच्या बॅगांतून येणाऱ्या शिळ्या घामाचा. मी गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसले होते. थर्मासमधला चहा अजून कढत होता. दोन खुर्च्या सोडून एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या घरातले, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांचं कुणी खेळत नव्हतं. ते नुसतेच आले होते. वेलचीचा वास कसला म्हणून त्यांनी विचारलं, मी अर्धा कप चहा दिला, आणि बोलणं सुरू झालं. तुम्ही कुठल्या, पिट्सबर्गच्या का? त्याच्या आधी कुठल्या? मी मुंबई म्हटलं. त्यांनी मान डोलावली, मग पाकीट काढलं, त्यातून प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेलं एक घडीचं कार्ड बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ‘पहिलं वर्ष,’ ते म्हणाले. ‘अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद.’

मी ते दोन्ही हातांनी घेतलं. तेवढ्यात शिट्टी वाजली, माझ्या लेकाने कुणाला तरी आडवं घातलं होतं आणि पंच त्याला दोन मिनिटांसाठी पेनल्टी बॉक्सकडे धाडत होता. त्या गडबडीत मी आजोबांना थँक यू म्हटलं आणि कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं. त्यांनी एकदा पर्सकडे पाहिलं. मग बर्फाकडे पाहिलं. ‘तुमचा मुलगा कितव्या नंबरचा?’ असं त्यांनी विचारलं, आणि सामना संपेपर्यंत आम्ही माझ्या मुलाबद्दलच बोलत राहिलो.

परतताना रूट २२वर लेक मागच्या सीटवर झोपला होता. डोंगरांवर धुकं होतं. आपल्याकडे कुणी हातावर काही ठेवलं की ते आपलं असतं. प्रसाद असो, लग्नाची पत्रिका असो, हळदीकुंकवाचं वाण असो, घ्यायचं आणि जपून ठेवायचं. नको म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं. हे इतकं अंगात मुरलेलं आहे की त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. ब्लेअर्सव्हिल मागे पडल्यावर कुठेतरी पाकिटातलं ते प्लॅस्टिकचं कव्हर आठवलं. द्यायची वस्तू कुणी कव्हरातून काढून देत नाही.

ते कार्ड त्यांनी मला नुसतं बघायला दिलं होतं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून मी ते उघडलं. खिशात ठेवायचं वेळापत्रक होतं, जॉन्सटाउन चीफ्स या संघाचं, ईस्ट कोस्ट हॉकी लीगच्या पहिल्यावहिल्या मोसमाचं. घड्यांवर कागद पिंजून कापसासारखा मऊ झालेला. महिन्यांचे चौकोन, चौकोनांत प्रतिस्पर्ध्यांची नावं, आणि प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने लिहिलेला निकाल. काही आकड्यांच्या शेजारी बारीकसं ‘आर’ होतं. ते सगळे बाहेरगावचे सामने होते, तेव्हा लक्षात आलं की ‘आर’ म्हणजे रेडिओ. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे आकडे एका हाताचे, दाबून, तिरके काढलेले. फेब्रुवारीच्या मध्यापासून अक्षर बदललं होतं. पुढचे आकडे गोल, मोठे, चौकोनाच्या रेघा ओलांडून जाणारे. प्लेऑफसाठी, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांसाठी, कार्डावर जागाच नव्हती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर ते खाली खाली उतरत गेले होते. अंतिम मालिकेच्या सात सामन्यांचे आकडे एकाखाली एक लावलेले. सहांपुढे निकाल होता. सातव्यापुढे नुसती आडवी रेघ.

ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून कितीतरी दिवस हलली नाही.

त्या कार्डावर प्रतिस्पर्ध्यांची नावं चारच आहेत, हे मला उशिरा जाणवलं. लीगमध्ये संघच मुळी पाच होते. पेनसिल्व्हेनियातले दोन, म्हणजे एरी आणि जॉन्सटाउन, टेनेसीतलं नॉक्सव्हिल, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा कॅरोलायना थंडरबर्ड्स आणि व्हर्जिनियातल्या व्हिंटन गावचा लॅन्सर्स. प्रत्येकाचे साठ सामने. साठाला चारने भागा, म्हणजे प्रत्येक संघाशी साधारण पंधरा वेळा गाठ. एखाद्या माणसाशी हिवाळ्यात पंधरा वेळा भांडण झालं तर तो घरातलाच होतो की. त्याच्या खांद्याचं दुखणं माहीत होतं, गेल्या मंगळवारी त्याने कुणाला काठी मारली ते लक्षात राहतं, आणि पुढच्या शुक्रवारी तो बसमधून उतरताना कसा दिसतो हे बघायला लोक येतात. बसचा प्रवासही साधा नव्हता. एरीहून नॉक्सव्हिल म्हणजे नऊ-दहा तास, ॲपलाचियाच्या डोंगरांतून, हिवाळ्यातल्या रस्त्यांवरून. उतरून खेळायचं, अंघोळ करून परत बसमध्ये. त्या काळातल्या छोट्या लीगमध्ये मारामाऱ्या फार व्हायच्या असं सगळेच सांगतात. मला त्याचं नवल वाटत नाही. पंधरा वेळा तीच तोंडं आणि मध्ये तेवढी बस.

पाचांपैकी तीन संघांचे मालक एकच होते, हेन्री ब्रॅबहम, व्हर्जिनियातले पेट्रोलच्या धंद्यातले गृहस्थ. व्हिंटनचं लॅन्सरलॉट नावाचं स्टेडियमही त्यांनीच उभं केलेलं. आज हे ऐकून कुणी म्हणेल, ही कसली लीग, घरचाच कारभार. पण त्याआधीचं माहीत असलं की तसं म्हणवत नाही. कॅरोलायना आणि व्हर्जिनिया हे दोन्ही संघ आधी अटलांटिक कोस्ट हॉकी लीगमध्ये होते, ती १९८७ साली संपली. मग ऑल-अमेरिकन हॉकी लीगमध्ये गेले, तिचेही दिवस भरत आलेले. जॉन्सटाउन चीफ्सने पहिलं पाऊल टाकलं ते त्याच बुडत्या लीगमध्ये, १९८८च्या जानेवारीत, मोसम अर्धा सरल्यावर. लीग जायची, संघ आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या लीगच्या दारात उभे राहायचे. १९८८च्या उन्हाळ्यात ब्रॅबहम आणि त्यांचे जोडीदार बिल कॉफी यांनी पुन्हा एक नवी लीग काढली, तेव्हा ही तरी दुसरा हिवाळा बघेल याची कुणी खात्री दिली असेल असं मला वाटत नाही. पॅट केली हे आयुक्त झाले. आज त्या लीगचा करंडक त्यांच्याच नावाने दिला जातो, संघ तीसच्या आसपास आहेत. पण कार्डावर पेन्सिल चालवणाऱ्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात होतं ते पाच नावांचं, साठ चौकोनांचं एक कार्ड, आणि तो ते भरत होता.

त्याच हिवाळ्यात, जॉन्सटाउनहून गाडीने दीड तासावर, पिट्सबर्गमध्ये, सगळ्यात वरच्या लीगमध्ये, मारिओ लेम्यू खेळत होता. १९८८-८९चा त्याचा मोसम म्हणजे ८५ गोल, ११४ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, एकूण १९९ गुण. ३१ डिसेंबरच्या रात्री न्यू जर्सीविरुद्ध त्याने पाच गोल केले, पाचही वेगवेगळ्या परिस्थितीतले. पूर्ण संघ असताना, एक माणूस जास्त असताना, एक कमी असताना, पेनल्टी शॉटवर आणि शेवटी रिकाम्या जाळ्यात. आमच्याकडची मुलं त्या रात्रीचं वर्णन पाठ असल्यासारखं करतात, आणि ती जन्मली त्यानंतर पंचवीस वर्षांनी. मी स्वतः ते रेकॉर्डिंग कितीदा पाहिलं आहे. देखणा खेळ म्हणजे काय ते लेम्यूकडे बघून कळतं. तरीही ते कार्ड टेबलावर उघडं असताना मला दुसरंच वाटत राहिलं. दीड तासावर असा माणूस खेळत होता आणि इथे कुणीतरी त्याच हिवाळ्यात नॉक्सव्हिलविरुद्धचा निकाल पेन्सिलीने, जपून, चौकोनाच्या बाहेर न जाऊ देता लिहीत होतं.

जॉन्सटाउन बघितल्याशिवाय हे नीट समजत नाही. गाव दरीत आहे, दोन नद्यांच्या संगमावर, चहूबाजूंनी उभे डोंगर. सिटी हॉलच्या कोपऱ्यावर तीन खुणा आहेत, १८८९, १९३६ आणि १९७७च्या पुरांचं पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या. पहिली डोक्याच्या कितीतरी वर. साउथ फोर्कचं धरण फुटलं तेव्हाची, २,२०९ माणसं गेली तेव्हाची. त्यानंतर गावात डोंगरावर चढणारी तिरकी रेल्वे बांधली गेली, ती आजही उभी आहे. नदीकाठाने मैलोन् मैल पोलादाच्या गिरण्या. वॉर मेमोरियल १९५० साली बांधलं, चार हजारांच्या आसपास माणसं मावतात, आणि तेव्हापासून जेट्स नावाचा संघ तिथे खेळायचा. १९७७च्या जुलैमधल्या पुराने बर्फ तयार करणारी यंत्रणाच बुडवली आणि जेट्स संपले. त्याच वर्षी ‘स्लॅप शॉट’ हा पॉल न्यूमनचा सिनेमा आला होता, याच स्टेडियममध्ये चित्रित झालेला, गिरणी बंद पडत असलेल्या गावातल्या हॉकी संघाचा. सिनेमातल्या संघाचं नाव चार्ल्सटाउन चीफ्स. अकरा वर्षांनी गावात नवा संघ उभा राहिला तेव्हा त्याला तेच नाव दिलं, आणि ईस्ट कोस्ट लीगमधल्या पहिल्या मोसमाचा प्रशिक्षक होता स्टीव्ह कार्लसन, एकेकाळचा जेट्सचा खेळाडू आणि सिनेमातल्या चष्मेवाल्या तीन भावांपैकी एक. बाहेरच्या माणसाला यात गंमत वाटेल. मला वाटली नाही. गिरण्यांनी माणसं काढायला सुरुवात केली होती, १९८३च्या सुमारास बेकारीत हे गाव देशात सगळ्यात वरच्या नंबरांत होतं, आणि १९९२ साली बेथलेहेम स्टीलने इथला गाशाच गुंडाळला. सिनेमात जे घडताना दाखवलं होतं ते गावात खरोखर घडत होतं. अशा वेळी हसऱ्या आठवणीचं जे काही हाताशी असेल ते माणूस घट्ट धरतो.

गिरणी बंद पडल्यावर गाव कसं दिसतं ते मला सांगावं लागत नाही. मी लालबागची. माझे आप्पा गिरणीत साचेखात्यात बदली होते. बदली म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमचा कुणी आला नाही तर आत घेतात, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. आप्पांनी अशी कित्येक वर्षं काढली. संध्याकाळी मात्र ते मंडळाच्या कबड्डीचे गुणलेखक असायचे, आणि तिथे त्यांची जागा कायमची होती. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर रेघा मारलेली लांब वही, डाव्या कानावर पेन्सिल. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळं त्यांच्या त्या वहीत उतरायचं. त्यांचा एक नियम होता. पाहिलं नाही ते लिहायचं नाही. गर्दीमुळे एखादी पकड दिसली नाही तर पंचांचा निर्णय ते वेगळ्या खुणेने लिहायचे, म्हणजे हा गुण मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाख माणसं घरी बसली. भोंगा वाजेना म्हणून सकाळी उठायची वेळ कळेना, हे मला सगळ्यात जास्त आठवतं. घरात भांडी कमी होत गेली. पण त्या वर्षीही मंडळाचे सामने झाले, आणि आप्पा वही घेऊन गेले. आईने एकदा फक्त विचारलं, त्या आकड्यांचं काय करणार आहात? आप्पा काही बोलले नाहीत. पेन्सिलीला टोक काढत बसले.

त्या वह्या आता नाहीत. २००९ साली खोली रिकामी करायची होती, मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेले, आप्पा जाऊन वर्ष झालं होतं, आणि पोटमाळ्यावरून निघालेला तो गठ्ठा मी रद्दीत दिला. रद्दीवाल्याने तराजूत टाकला तेव्हा वरच्या वहीचं पान वाऱ्याने उलटलं होतं. मी ते पाहिलं. तरी थांबवलं नाही, कारण विमान परवावर आलं होतं आणि अजून भांड्यांचं कपाट बाकी होतं.

म्हणून ते कार्ड मला झोपू देत नव्हतं.

चीफ्सची लीग ही मायनर लीग, म्हणजे मोठ्या लीगच्या खालची. या शब्दाचं मराठीत काय करायचं यावर मी बरेच दिवस विचार केला. दुय्यम म्हणवत नाही, छोटी म्हणणं पुरत नाही. मग एकदा जिन्यावरून उतरताना आप्पांचा शब्द आठवला. बदली. ही सगळी बदली पोरं होती. मोठ्या लीगमध्ये कुणाचा गुडघा गेला, कुणाचं मनगट मोडलं, तर खालच्या लीगमधून वर बोलावतात, आणि त्या रिकाम्या जागेत ह्यांच्यातला एखादा सरकतो. नाहीतर आहेतच नॉक्सव्हिल आणि एरी. पगार आठवड्याचा, तोही हिवाळ्यापुरता. उन्हाळ्यात दुसरं काहीतरी काम. त्या पहिल्या मोसमात जॉन्सटाउनच्या गोलमध्ये स्कॉट गॉर्डन नावाचा मुलगा उभा राहायचा. पुढच्याच मोसमात त्याला क्यूबेक नॉर्डिक्सने वर घेतलं, आणि या लीगमधून नॅशनल हॉकी लीगपर्यंत पोचलेला तो पहिला. त्याच्यानंतर सातशेच्या वर गेले. गॉर्डन तिथे एकूण २३ सामने खेळला. पुढे न्यूयॉर्क आयलंडर्सचा प्रशिक्षकही झाला, पण माझं मन त्या २३ सामन्यांपाशीच अडतं. गेटवर उभं राहून, नाव पुकारलं जाण्याची वाट बघून, शेवटी आत घेतल्यावर मिळालेले २३ दिवस. आप्पांना कायम केलं ते कधीच नाही. पण एकदा सलग चार महिने रोज आत घेतलं होतं, आणि त्या चार महिन्यांचं ते अखेरपर्यंत सांगायचे, एकेका दिवसाचं.

त्या मोसमाचा शेवट विचित्र झाला. साखळीत एरी पहिला आला, ३७ सामने जिंकून. जॉन्सटाउन दुसरा. कॅरोलायना पाचांत चौथा, २७ जिंकलेले आणि ३२ हरलेले, म्हणजे जिंकण्यापेक्षा हरण्याचीच सवय जास्त. आणि तोच संघ प्लेऑफमध्ये उठला आणि अंतिम फेरीत जॉन्सटाउनला सातव्या सामन्यापर्यंत खेचून विजेता झाला. पाच संघांची लीग, त्यातले चार प्लेऑफमध्ये, असं असल्यावर हे होणारच, असं हिशेबी माणूस म्हणेल. मला मात्र विन्स्टन-सेलमच्या लोकांचा फार हेवा वाटला. आणि जॉन्सटाउनबद्दल वाटलं, की ह्या गावाला एवढं एक मिळायला हरकत नव्हती. त्याच मे महिन्याच्या अखेरीला पहिल्या पुराची शंभरी होती. करंडक गावात असता तर मिरवणुकीत निघाला असता, असं उगीच मनात येऊन गेलं.

पाच गावांचं पुढे काय झालं ते मी रात्री बसून शोधून काढलं. व्हिंटनच्या त्या स्टेडियमचं छप्पर १९९३च्या मार्चमधल्या मोठ्या हिमवादळात बर्फाच्या भाराने कोसळलं. एरीचा संघ १९९६ला लुइझियानात गेला, नॉक्सव्हिलचा १९९७ला साउथ कॅरोलायनात. पहिला विजेता संघ गाव आणि नाव बदलत व्हीलिंगला पोचला आणि आज व्हीलिंग नेलर्स म्हणून खेळतो. आमच्यापासून दीड तासावर. लेकाला घेऊन मी तिथे दोनदा गेले होते, हॉटडॉग खाल्ले होते, टोपी विकत घेतली होती, आणि जॉन्सटाउनला हरवणारे ते हेच, याची मला कल्पना नव्हती. आपल्या पहिल्या गावात, पहिल्याच नावाने सगळ्यांत जास्त टिकले ते चीफ्स. बावीस मोसम. २०१०मध्ये तेही साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला गेले. आता वॉर मेमोरियलमध्ये टॉमहॉक्स नावाचा ज्युनियर संघ खेळतो, विशीच्या आतली मुलं, त्यांना पगारही नसतो.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी एकटीच गेले. लेकाला शाळेचा प्रोजेक्ट होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याला बरोबर न्यायचंही नव्हतं. आजोबा भेटतील की नाही याची खात्री नव्हती, नाव विचारलेलं नव्हतं, फोन नंबर तर नाहीच. पाच वाजताच पोचले. बर्फावर नुकतीच झांबोनी, म्हणजे बर्फ सारखा करणारी गाडी, फिरून गेली होती आणि वाफ अजून वर चढत होती. बर्फ गुळगुळीत करायला गरम पाणी सोडतात, हे मला आधी खरं वाटायचं नाही. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवतं आणि त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं. गार पाणी वर नुसतं पापुद्र्यासारखं बसतं. त्या ओल्या चकाकीत छताचे दिवे उलटे दिसत होते. आणि त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर, तीच लोकरीची टोपी.

मी शेजारी जाऊन बसले आणि कार्ड काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. मी नवं कव्हर आणलं होतं, आधीचं त्यांच्याकडेच राहिलं होतं म्हणून. सगळी क्षमायाचना मी गाडीत इंग्रजीत जुळवून ठेवली होती, ती तोंडून धड निघाली नाही. ते म्हणाले, ‘तुम्ही इतक्या आनंदाने घेतलंत, परत कसं मागणार?’ त्यांनी कार्ड उघडलं नाही. अंगठ्याने घडीवरून हात फिरवला, आतलं सगळं पाठ असल्यासारखा. मग मीच धीर करून विचारलं, ते फेब्रुवारीनंतरचं अक्षर कुणाचं?

‘माझ्या मुलीचं. अकरा वर्षांची होती.’

गिरणीतून त्यांना ८६ साली कमी केलं होतं. अडीच वर्षं हातात काम नाही. चीफ्स आले तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळच संध्याकाळ होत्या, असं त्यांनी सांगितलं, आणि एका शेजाऱ्याच्या ओळखीने तिकिटं मिळायची. फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम मिळालं, रात्रपाळीचं. ‘बायको रडली,’ ते म्हणाले, ‘आनंदाने. मीही आनंदात होतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला चादरी घड्या करताना मला कळेना की आपल्याला एवढं वाईट का वाटतंय.’ मग मुलगी शेजाऱ्यांबरोबर जायला लागली. बाहेरचा सामना असला की रेडिओला कान लावून बसायची. सकाळी ते घरी आले की ती शाळेला गेलेली असायची आणि कार्ड स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेलं असायचं.

मी सातव्या सामन्यापुढच्या रेघेबद्दल विचारलं.

‘त्या रात्री तिला ताप होता. आईने लवकर झोपवलं. मी ड्यूटीवर. दोघांपैकी कुणीच पाहिला नाही, ऐकला नाही.’ ते थोडं थांबले. ‘आकडा मला माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत होता. ती म्हणाली, लिहू का? मी म्हटलं, तू होतीस का तिथे?’

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. लाउडस्पीकरवर गाणं सुरू होतं, खाली टॉमहॉक्सची मुलं सरावासाठी उतरली होती आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, फळ्यांवर आपटून तो कोरडा, पोकळ आवाज छताला जाऊन परत येत होता. सामन्याआधी पक फ्रीजरमध्ये ठेवतात, उसळू नये म्हणून, त्यामुळे आवाज अधिकच कडक येतो. मला आप्पांची ती वेगळी खूण आठवली. गोल काढून त्यात टिंब. पाहिलेला नाही, ऐकलेला. मी आजोबांना आप्पांच्या वह्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. कबड्डी म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं, एका श्वासात किती वेळ, पकड कशी, लोण म्हणजे काय. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘एका रात्रीत किती गुण लिहायचे?’ मी सांगितलं, कधी सत्तर, कधी ऐंशी. ते हळूच ‘ओ माय’ म्हणाले. रद्दीचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

सामना सुरू होताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून यंदाच्या मोसमाचं कार्ड काढलं, नवं करकरीत, अर्धं भरलेलं. मग एकेक खिसा चाचपायला लागले. पेन्सिल सापडेना. माझ्या पर्समध्ये लेकाची एक आखूड पेन्सिल होती, ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

टॉमहॉक्स हरले. आजोबांनी टोपी सारखी करून आकडा लिहिला, तारीख एकदा तपासली, कार्ड मिटलं, आणि पेन्सिल त्याच्यासोबत कोटाच्या आतल्या खिशात घातली.

मी ती परत मागितली नाही.